उवा जातात आणि दहा दिवसांनी परत येतात

"माझी मुलगी आठ वर्षांची आहे. केस दाट, कमरेपर्यंत. गेले तीन महिने तिच्या डोक्यातल्या उवा जात नाहीत. खोबरेल तेलात कापूर घालून रात्रभर ठेवलं, सकाळी फणीने वीसेक उवा निघाल्या. चार-पाच दिवस बरं होतं, मग पुन्हा खाजवायला लागली. औषधाच्या दुकानातून लोशन आणून एकदा लावलं, त्याचंही तेच झालं. सासूबाई सीताफळाच्या बियांची पूड लावू म्हणतात, शेजारीण रॉकेल सांगते. धाकटा मुलगा दहा महिन्यांचा आहे, त्याच्या डोक्यात अजून काही दिसलेलं नाही, पण भीती वाटते. वर्गातल्या मुली जवळ बसत नाहीत म्हणून मुलगी रडते. घरगुती उपायांनी हे जाईल का? की केसच कापून टाकू? आणि शाळेत सांगायचं की लपवायचं? – एक आई"

प्रिय ताई,

सासूबाईंनी बिया वाटायला घेतल्या असतील तर आधी त्या थांबवा, मग पुढचं वाचा. त्या पुडीने उवा मरतात हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. सीताफळाच्या बियांत कीटकांना मारणारी द्रव्यं खरोखरच असतात. पण तीच द्रव्यं डोळ्यात गेली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, भाजल्यासारखा सोलवटतो. डोळा लालभडक होतो, विलक्षण आग होते, उजेड सहन होत नाही, दिसायला धूसर होतं. पूड कोरडी लावली तरी घामाबरोबर कपाळावर उतरते आणि धुताना तर पाण्याबरोबर हमखास डोळ्याकडे येते. "जपून धुऊ" म्हणून भागत नाही. आठ वर्षांचं मूल डोकं धुताना डोळे चोळतंच. कधी चुकून गेलीच, तर डोळा उघडा धरून स्वच्छ वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. घरात पडलेले जुने थेंब घालू नका.

रॉकेलबद्दल तर एकच सांगणं, घरात या कामासाठी त्याची बाटली उघडूच नका. खाजवून ओरखडे पडलेल्या त्वचेवर ते भाजल्यासारखे फोड आणतं, त्याची वाफ श्वासात जाते, थोडं जरी तोंडात जाऊन श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते, आणि रॉकेल लावलेलं डोकं आगीच्या आसपास गेलं तर काय होईल हे सांगायला नको. ढेकूण-झुरळांची पावडर आणि पिकांवर फवारायची औषधंही काही जण डोक्याला लावतात. ती डोक्याच्या त्वचेतून रक्तात जातात आणि त्यांनी मुलं दगावलेली आहेत.

कापूरही आता बंद करा. तुम्ही तो चांगल्या हेतूने घातला, पण कापूर तेलात विरघळतो आणि ओरखडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतो. लहान मुलाच्या पोटात थोडा गेला तरी झटके येऊ शकतात. तुमच्या घरात दहा महिन्यांचं बाळ आहे. ते ताईच्या वेणीला हात लावतं आणि मग तोच हात तोंडात घालतं. कडुनिंबाच्या कच्च्या तेलाचंही तसंच. बाहेरून लावायला ते रॉकेलइतकं घातक नाही, पण तान्ह्या मुलांच्या पोटात गेल्यावर गंभीर आजारपणं झालेली आहेत. बाळाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ती बाटली नको.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. उवा परत का येतात? तुमच्या पत्रात "चार-पाच दिवस बरं होतं" असं वाक्य आहे, उत्तर त्यातच आहे.

मोठी ऊ तिळाएवढी असते, दोन ते तीन मिलिमीटर. मादी रोज साधारण सहा ते आठ अंडी घालते आणि प्रत्येक अंडं केसाला, त्वचेला लागून, एका चिकट द्रव्याने घट्ट चिकटवते. तीच लीख. लीख फुटायला सात ते नऊ दिवस लागतात. बाहेर आलेलं पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढं असतं, त्याला स्वतः अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला आणखी आठवडा ते बारा दिवस लागतात. पूर्ण वाढलेली ऊ डोक्यावर महिनाभर जगते. डोक्यावरून पडली आणि रक्त मिळालं नाही, तर एक-दोन दिवसांत मरते.

हे आकडे तुमच्या त्या तेलाच्या रात्रीला लावून बघा. सकाळी वीसेक मोठ्या उवा निघाल्या. पण त्याच सकाळी केसांच्या मुळाशी डझनावारी लिखा होत्या, काही कालच्या, काही आठवड्यापूर्वीच्या. तेलाने लिखांना काही झालं नाही. जुन्या लिखा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुटल्या, बाकीच्या पुढच्या आठवडाभरात. पिल्लं इतकी बारीक की नजरेला पडली नाहीत, म्हणून "बरं होतं". ती मोठी होऊन दिसायला लागली तेव्हा तुम्हाला वाटलं, उवा पुन्हा झाल्या. त्या पुन्हा झाल्या नव्हत्या, डोक्यातच होत्या. लोशनचंही तेच झालं असणार, कारण ते एकदाच लावलं गेलं. म्हणजे तुमची मेहनत कमी पडली नाही, ती पहिल्या दिवशी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी संपली. उवांचा बंदोबस्त दोन आठवड्यांचा असतो, आणि त्यात सगळ्यात मोठं काम कॅलेंडरचं आहे.

तेलाचं खरं काम काय, तेही सांगायला हवं, कारण घरोघरी सगळी भिस्त त्याच्यावर असते. उवेच्या अंगाच्या कडेला श्वास घेण्याची बारीक छिद्रं असतात, ती तिला बंद करून घेता येतात. त्यामुळे ऊ पाण्यात बुडून मरत नाही आणि नुसत्या न्हाण्याने जात नाही. तेलात ती सुस्त होते, निपचित पडते, मेल्यासारखी दिसते, आणि त्यातल्या बऱ्याच तेल धुतल्यावर पुन्हा चालू लागतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हिनेगर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ऑलिव्ह तेल, मेयोनेज, वितळवलेलं लोणी आणि पेट्रोलियम जेली असे सहा घरगुती उपाय तपासले गेले. लिखांवर ठळक परिणाम फक्त पेट्रोलियम जेलीचा दिसला, आणि ती केसांतून काढायला पुढे कित्येक दिवस जातात. म्हणून तेल हे औषध धरू नका. पण सुस्त झालेली ऊ पळत नाही आणि निसरड्या केसावर तिची पकड सुटते, हा तेलाचा मोठा उपयोग आहे. तेल फणीचं मदतनीस आहे. फणी नसेल तर तेल लावणं वाया.

त्यामुळे घरगुती उपायांनी उवा जातील का, याचं उत्तर हो असं आहे, पण तो उपाय फणीचा. केस ओले आणि निसरडे करून, ठरलेल्या दिवशी, मुळापासून फणी फिरवायची. तो नीट केला तर दुसरं काही लावावं लागत नाही, बाळालाही चालतो, आणि उवांना औषधाची सवय होते तशी फणीची होत नाही.

फणी धातूची घ्या. लीख साधारण 0.8 मिलिमीटर लांब आणि 0.3 मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे दोन दातांमधली फट 0.3 मिलिमीटरपेक्षा कमी हवी. हे घरी मोजता येत नाही, पण फणी उजेडासमोर धरली तर दातांमधून उजेडाची केसाएवढी रेघच दिसली पाहिजे, आणि नखाने दात बाजूला ढकलले तर फाकता कामा नयेत. प्लास्टिकच्या फणीचे दात इथेच हार खातात. दाट केसांत वाकतात आणि ऊ मधून निसटते. तुमच्या मुलीचे केस दाट आहेत, म्हणून दात लांब असलेली फणी बघा. टोकं गोलसर हवीत, नाहीतर ओरखडे पडतील आणि दुसऱ्या वेळी मुलगी डोकं पुढे करणार नाही.

आधी डोकं नेहमीच्या शांपूने धुवा. टॉवेलने नुसतं टिपा, पुसून कोरडं करू नका. मग साधा कंडिशनर सढळ हाताने, कमरेपर्यंतच्या दाट केसांना साधारण अर्धी वाटी, मुळांपासून टोकांपर्यंत चोळा. कंडिशनर नसेल तर तेवढंच साधं तेल चालतं, फक्त नंतर दोनदा शांपू लागेल. आता मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता पूर्ण सोडवा. ही पायरी गाळू नका. गुंता असलेल्या केसात बारीक फणी अडकते, मुलगी ओरडते आणि पुढचं सगळं घाईत उरकलं जातं.

मुलीला भरपूर उजेडात बसवा, खांद्यावर पांढरा टॉवेल टाका, शेजारी पांढरा टिशू किंवा जुन्या पांढऱ्या कापडाचे तुकडे आणि कोमट पाण्याचं भांडं ठेवा. केसांचे चार भाग करून चिमट्यांनी बांधा. सुरुवात मानेवरच्या केसांपासून आणि कानांमागून करा, उवा-लिखा तिथेच जास्त असतात. एका वेळी बोटभर जाडीची बट घ्या, त्याहून जाड नको. फणीचे दात त्वचेला टेकवायचे आणि तिथून केसांच्या टोकापर्यंत एकाच ओढीत न्यायचे. प्रत्येक ओढीनंतर फणी टिशूवर पुसायची आणि बघायचं. तीच बट वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून अशी चार वेळा विंचरायची, मग पिळून बाजूला चिमट्यात अडकवायची, म्हणजे झालेले आणि राहिलेले केस मिसळत नाहीत. मध्येच केस कोरडे पडायला लागले तर पाणी शिंपडा किंवा आणखी कंडिशनर लावा. चारही भाग झाले की केस धुवा आणि ओल्या केसांवर पुन्हा एकदा संपूर्ण डोक्यावर फणी फिरवा. दुसऱ्या फेरीत काही ना काही सापडतंच.

एवढ्या लांब केसांना पहिल्या दिवशी तास-सव्वा तास लागेल. सलग बसवणं जमत नसेल तर मध्ये दहा मिनिटं उठू द्या, पण काम अर्धवट सोडून झोपू नका. निघालेल्या उवा टिशूसकट साबणाच्या गरम पाण्यात टाका किंवा पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. फणी गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी 55 अंशांच्या आसपास हवं, म्हणजे हात घातला तर चटकन काढून घ्यावा लागेल इतकं.

हे सगळं पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करायचं, आणि सतराव्या दिवशी तपासणी. रविवारी सुरुवात केलीत तर रविवार, गुरुवार, सोमवार, शुक्रवार, आणि तपासणी मंगळवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवा. चार-चार दिवसांचं अंतर उगाच नाही: मधल्या दिवसांत लिखांतून जी पिल्लं बाहेर येतात ती अंडी घालण्याइतकी मोठी होण्याआधी फणीत सापडतात. नवी लीख पडली नाही की जुन्या सगळ्या फुटून संपतात. पाचव्या दिवशी डोकं स्वच्छ दिसेल आणि "आज राहू दे" असं वाटेल. बहुतेक घरांत गाडी इथेच घसरते, कारण फणी धरायची ती नेमकी न दिसणाऱ्या पिल्लांसाठी.

टिशूवर काय निघालं ते लक्षात ठेवा, किंवा कॅलेंडरवरच लिहा. पाचव्या आणि नवव्या दिवशी बारीक पिल्लं निघाली तर घाबरू नका. ती पहिल्या दिवशी राहिलेल्या लिखांची, आणि ती निघावीतच. पण नवव्या किंवा तेराव्या दिवशी तिळाएवढी मोठी ऊ निघाली, तर एक तर मागच्या वेळी ती सुटली होती, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावरून आली. मग घरातली सगळी डोकी आणि जवळच्या मैत्रिणी यांचा विचार करावा लागतो, आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मोठी ऊ निघाली नाही आणि सतराव्या दिवशी टिशू कोरा राहिला, तर काम झालं. खाज मात्र त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे राहू शकते. ती उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि हळूहळू जाते, त्यामुळे नुसतं खाजवतेय म्हणून पुन्हा औषध ओतू नका. उलट बाजूही लक्षात घ्या: पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला चार ते सहा आठवडे खाज येतच नाही. धाकट्याला किंवा तुम्हाला खाज नाही म्हणजे उवा नाहीत, असं धरता येणार नाही.

लिखांबद्दल बरीच भीती फुकटची आहे. जिवंत लीख केसाच्या मुळापासून सहाएक मिलिमीटरच्या आत असते आणि तपकिरी असल्यामुळे चटकन दिसत नाही. लांबवर चमकणाऱ्या पांढऱ्या लिखा म्हणजे बहुधा रिकामी टरफलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळापासून सेंटिमीटरभराहून लांब असलेली लीख महिन्यापूर्वीची, फुटून गेलेली. ती दिसायला वाईट दिसते एवढंच. कोंडा आणि लीख यांतला फरक बोटाने कळतो: कोंडा फुंकरीने उडतो किंवा ओढला की घसरतो, लीख केसाच्या एका बाजूला तिरकी चिकटलेली असते आणि नखांच्या चिमटीत धरून टोकापर्यंत ओढावी लागते. तिचा डिंक प्रथिनांचा असतो, व्हिनेगरने किंवा लिंबाने तो विरघळत नाही. डोक्यावर ओरखडे असताना लिंबू-व्हिनेगर लावलं तर फक्त आग होईल. कांदा-लसणाचा रसही तसाच, त्वचा लाल करतो आणि लिखा जागच्या जागी राहतात.

तेल रात्रभर ठेवायचं असेल तर ठेवा, पण डोक्याला प्लास्टिकची पिशवी किंवा घट्ट टोपी बांधून मुलाला झोपवू नका. झोपेत ती तोंडावर सरकली तर गुदमरण्याचा धोका आहे.

आता तुमच्या लोशनचं काय चुकलं असेल ते पाहू. दुकानात बहुतेक वेळा 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. ते शांपूने धुतलेल्या, टॉवेलने टिपलेल्या, तेल आणि कंडिशनर नसलेल्या केसांवर लावायचं असतं. तेलकट केसांवर लावलं तर ते उवेपर्यंत नीट पोचत नाही. मुळं पूर्ण भिजली पाहिजेत, मान आणि कानामागचे केससुद्धा. कमरेपर्यंतच्या दाट केसांना एक बाटली पुरत नाही आणि इथेच काटकसर होते. 10 मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं. जास्त वेळ ठेवल्याने जास्त उवा मरत नाहीत. पुढचे एक-दोन दिवस शांपू करायचा नाही, कारण औषधाचा केसांवर राहिलेला अंशही काम करत असतो. आणि नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावायचं. ते लिखा पूर्णपणे मारत नाही, म्हणून दुसरी वेळ चुकली की पहिली फुकट. लोशनचा दिवस आणि कंडिशनरच्या फणीचा दिवस एक करू नका. लोशन वापरणार असाल तर त्या दिवशी ते धुतल्यावर नुसत्या ओल्या केसांवर फणी फिरवा.

लोशन लावल्यावर दुसऱ्या दिवशी उवा पूर्वीसारख्याच चपळ पळताना दिसल्या, तर त्या परमेथ्रिनला सरावलेल्या आहेत. जगभर हे वाढलं आहे. तेच औषध पुन्हा पुन्हा किंवा दुप्पट लावू नका. अशा वेळी 4 टक्के डायमेथिकोनचं लोशन उपयोगी पडतं. ते विषारी नाही, उवेवर तेलासारखा पण जास्त घट्ट थर चढवून तिला मारतं, त्यामुळे उवा त्याला सरावण्याचा प्रश्न कमी. ते कोरड्या केसांना लावतात. किती वेळ ठेवायचं ते उत्पादनागणिक बदलतं, म्हणून वेष्टनावरचं वाचा आणि सात दिवसांनी पुन्हा लावा. ते लावलेलं असताना आगीपासून आणि केस वाळवायच्या यंत्रापासून दूर राहायला हवं. आयव्हरमेक्टिनचं लोशन किंवा गोळी वजनावर आणि वयावर ठरते, ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची. गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड, म्हणजे लिंडेन, असं नाव असलेली जुनी बाटली घरात असेल तर मुलांना लावू नका. ते मेंदूवर परिणाम करून झटके आणू शकतं.

पहिल्याच संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाचं डोकं ओलं करून फणीने तपासा, तुमचं आणि सासूबाईंचंही. आई मुलीच्या उवा काढत राहते आणि तिच्या स्वतःच्या अंबाड्यातून त्या परत मुलीकडे जातात, हे नेहमीचं आहे. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्यांची फणी मुलीबरोबरच, त्याच दिवशी सुरू करायची. ज्यांच्या डोक्यात नाही त्यांना औषध नको.

बाळाला फक्त फणी. पातळ केसांना पाच मिनिटंही लागत नाहीत. थोडा साधा कंडिशनर लावा, डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि तुमच्या ठरलेल्या दिवशीच त्याचंही बघा. ऊ सापडलीच तरी लोशन बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. या दोन आठवड्यांत ताई आणि बाळ एका उशीवर झोपवू नका.

उशीचा दोष त्यात थोडाच आहे. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते आणि त्यासाठी डोकं डोक्याला लागावं लागतं. म्हणून घर धुऊन काढण्यात ताकद घालवू नका. पहिल्या दिवसाआधीच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टॉवेल, टोप्या, रुमाल गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. धुता न येणारं दोन आठवडे पिशवीत बांधून ठेवा. कंगवे, क्लिपा, रबरं गरम पाण्यात. घरात फवारणी करू नका. कुत्र्या-मांजरांवर या उवा राहत नाहीत.

पुढे होऊ नयेत म्हणून लावायचं भरवशाचं तेल किंवा फवारा नाही, आणि उवा नसताना औषधी लोशन लावणं तर चुकीचंच. उपयोगी पडतं ते एवढंच: शाळेत जाताना केस घट्ट वेणीत किंवा अंबाड्यात, स्वतःचा कंगवा, एका फोनवर चार मुली डोकी जोडून बसतात तिथे थोडं अंतर, आणि आठवड्यातून एक ठरलेला दिवस पाच मिनिटं ओल्या केसांवर फणी. लवकर सापडलेल्या दोन उवा आणि दोन महिन्यांनी सापडलेल्या दोनशे यांत फरक फक्त या पाच मिनिटांचा असतो.

खाजवून पू झाला, खपल्या धरल्या, मानेवर गाठी दुखायला लागल्या किंवा ताप आला तर फणी थांबवून डॉक्टरांना दाखवा. जखमेत जंतुसंसर्ग झालेला असतो, त्याचं औषध वेगळं. डोक्यातल्या उवा स्वतः कुठला रोग पसरवत नाहीत.

केस कापल्याने उवा जात नाहीत. त्या मुळाशी राहतात, त्यांना दोन-तीन सेंटिमीटर केस पुरतात. खांद्यापर्यंत कापले तर फणीचा वेळ निम्मा होईल, हा फायदा खरा आहे, पण तो तिला सांगून, तिला पटलं तरच. मुंडन केलं तर उवा नक्की जातील, पण तिच्याकडे आधीच बोट दाखवलं जातंय. मुलगी घाणेरडी म्हणून उवा होतात हेही तिच्या मनातून काढून टाका: ऊ रोज न्हाणाऱ्या डोक्यावर तितक्याच आनंदाने राहते, तिला फक्त रक्त आणि केस लागतात. हे तिला याच शब्दांत सांगा, आणि फणी पुसलेला टिशू तिलाच बघायला द्या, किती निघाल्या ते तिने मोजावं. आपलं डोकं आपल्याला समजतंय असं वाटलं की मुलं जास्त वेळ बसतात.

शाळा बुडवायची गरज नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्थाही लिखा दिसतात म्हणून मुलाला घरी पाठवू नये असंच म्हणते. लपवू मात्र नका, कारण लपवलं तर तेराव्या दिवशी टिशूवर मोठी ऊ निघण्याची पाळी येते. तिच्या दोन-तीन जवळच्या मैत्रिणींच्या आयांना आणि वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी साधा निरोप पाठवा: "आमच्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या आहेत, आजपासून उपाय सुरू केला आहे. मुली जवळ बसतात म्हणून तुम्हीही एकदा ओल्या केसांवर बारीक फणी फिरवून बघाल का? सापडल्या तर एकाच वेळी काढू, म्हणजे पुन्हा एकमेकींना होणार नाहीत." बाईंना एवढंच म्हणा की कुणा एकीचं नाव न घेता वर्गातल्या सगळ्या पालकांना त्यांनी ही तपासणी सांगावी. त्या घरांतली पहिली फणी तुमच्या पाचव्या दिवसाआधी झाली, तर तुमच्या मुलीला पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावं लागण्याची शक्यता बरीच कमी होईल.